‘अँफो’ म्हणजे नक्की कोणतं अँफो? मे २०२१ मधलं एक म्युकर प्रकरण

रात्री साडेनऊला वॉर्डमधून फोन आला, "मॅडम, बाटलीत दाणे दाणे दिसतायत, जरा वर येता का?" मी तेव्हा एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते, आणि मे २०२१ मध्ये असा फोन आला की जिना धावतच चढायचा असतो हे कुणी सांगावं लागत नव्हतं. वर गेले तर स्टँडला अडीचशे एमएलची बाटली, आत फिकट पिवळं पाणी, गढूळ, आणि तळाशी बारीक पिवळी कणी बसलेली, रव्यासारखी. सिस्टरने ड्रिप चालू केलं नव्हतं. तिने बाटली उजेडात धरून बघितली, शंका आली आणि थांबली, आणि त्या एका सवयीमुळे पेशंट वाचला असं मी आजही मानते.

बाटलीत लायपोसोमल अँफोटेरिसिन बी च्या, म्हणजे म्युकरवरच्या (‘काळ्या बुरशी’वरच्या) इंजेक्शनच्या, दोन व्हायली गेल्या होत्या. त्या काळात एकेक व्हायल म्हणजे काय होतं ते ज्यांनी तेव्हा धावपळ केलीय त्यांना माहितीये. हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण चूक कुणाच्या निष्काळजीपणाची नव्हती, चूक दोन शब्दांची होती, आणि ते दोन्ही शब्द आपण अजूनही तसेच वापरतो. (पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत, उपचाराचा भाग तसाच आहे.)

पेशंट पन्नाशीतले शेतकरी, वजन ५८ किलो, जुनी शुगर. एप्रिलमध्ये कोविड, नऊ दिवस ऑक्सिजन, स्टेरॉईड, मग घरी. घरी आल्यावर आठवड्याभरात डावा गाल बधिर व्हायला लागला, वरची दाढ हलायला लागली म्हणून ते आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि त्या डॉक्टरांनी टाळूवरचा काळा ठिपका बघून दाताला हातच लावला नाही, सरळ आमच्याकडे पाठवलं. आले तेव्हा डोळा सुजलेला, शुगर ३८०. नाकातून घेतलेला नमुना केओएच नावाचं रसायन घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर रुंद, पट्टीसारखे, मध्ये पडदे नसलेले धागे, म्हणजे म्युकर. दुसऱ्या दिवशी ईएनटीच्या सरांनी दुर्बिणीने सायनस साफ केले, वरच्या जबड्याचा काही भाग काढावा लागला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘काळी बुरशी’ या नावाने फार गोंधळ केला. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांमध्ये घुसते, आत गुठळ्या होतात, रक्त पोचत नाही आणि तो भाग मरतो, काळं दिसतं ते मेलेलं मांस. आता औषध रक्तातून जातं, आणि जिथे रक्तच जात नाही तिथे कितीही भारी नॅनो औषध द्या, ते पोचणार कसं? रस्ताच बंद. म्हणून सर्जरी आणि औषध दोन्ही लागतं, आणि म्हणून "इंजेक्शन मिळालं तर ऑपरेशन टळेल का" असं विचारणाऱ्या नातेवाईकांना आमचे सर शांतपणे, दहा वेळा, हेच समजावायचे.

आता औषधाकडे येते. अँफोटेरिसिन बी जुनं आहे, १९५० च्या दशकातलं, व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या काठच्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून मिळालेलं. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, त्याला हे जाऊन चिकटतं आणि पडदा फाटतो. अडचण अशी की आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, आणि ते एर्गोस्टेरॉलच्या नात्यातलंच. औषधाचा जीव एर्गोस्टेरॉलवर जास्त, पण कोलेस्टेरॉललाही ते थोडंफार धरतंच, आणि त्याचा मार सगळ्यात जास्त किडनीवर बसतो. शिवाय हे पाण्यात विरघळत नाही. म्हणून जुन्या काळी ते डीऑक्सीकोलेट नावाच्या पित्तातल्या क्षारासोबत बांधलं, तेच आपण ‘प्लेन’ किंवा ‘कन्व्हेन्शनल’ म्हणतो. शिरेत गेलं की पेशंट थडथड उडतो, ताप येतो, चार-सहा तास ड्रिप चालतं, पोटॅशियम पडतं, मॅग्नेशियम पडतं, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) चढतं. पण बुरशी मरते. कित्येक वर्षं यानेच लोक वाचले.

लायपोसोमलमध्ये रेणू तोच, बदलली ती फक्त गाडी. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी दाखवलं की फॉस्फोलिपिडं (एक प्रकारची लिपिडं, म्हणजे स्निग्ध पदार्थ) पाण्यात टाकली की आपोआप पोकळ गोळे होतात, दुहेरी पडद्याचे, अगदी पेशीच्या पडद्यासारखे. त्यांना पुढे लायपोसोम म्हणायला लागले. अँफोटेरिसिनसाठी वापरतात ते लायपोसोम शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान असतात, माणसाच्या एका केसाच्या जाडीत हजारेक रांगेत बसतील एवढे. आणि औषध या गोळ्याच्या पोकळीत भरलेलं नसतं, खूप जणांना तसं वाटतं, मलाही कॉलेजात वाटायचं. ते पडद्यातच विणलेलं असतं. पडद्यात सोयाबीनपासूनचं हायड्रोजनेटेड लिपिड, कोलेस्टेरॉल आणि डीएसपीजी नावाचं ऋण भार असलेलं लिपिड. औषधाच्या एका टोकाला अमिनो साखर असते, तिचा धन भार या ऋण भाराला धरून बसतो, शिवाय औषधाला कोलेस्टेरॉलची ओढ असतेच, तेही शेजारीच मांडलेलं. म्हणजे ज्या ओढीमुळे आपल्या किडनीचं नुकसान व्हायचं तीच ओढ वापरून औषध गाडीत बांधून ठेवलंय. मला हे फार सुंदर वाटतं, दर वेळी कुणाला सांगताना नव्याने वाटतं. लिपिडंही अशी निवडलेली की शरीराच्या तापमानाला पडदा सैल पडत नाही, त्यामुळे रक्तात फिरताना औषध सांडत नाही. गोळा बुरशीच्या पेशीभित्तीला जाऊन चिकटतो, तिथे मोडतो आणि औषध एर्गोस्टेरॉलकडे जातं.

याचा फायदा किती होतो? १९९९ मध्ये अमेरिकेत ६८७ पेशंटवर झालेला एक मोठा अभ्यास आहे, कॅन्सरच्या उपचारात पांढऱ्या पेशी घटून ताप आलेले पेशंट, निम्म्यांना प्लेन, निम्म्यांना लायपोसोमल. गुण येण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं, लायपोसोमलमध्ये ५० आणि प्लेनमध्ये ४९ टक्के. पण किडनीला त्रास प्लेनमध्ये ३४ टक्क्यांना तर लायपोसोमलमध्ये १९ टक्क्यांना, आणि थंडी वाजणं ५४ वरून १८ वर. म्हणजे त्या अभ्यासात लायपोसोमल ‘जास्त पॉवरचं’ ठरलं नाही, पेशंटला झेपेल असं ठरलं. म्युकरमध्ये तीन-चार आठवडे, कधी सहा आठवडे रोज डोस द्यायचा असतो, तिथे झेपणं हीच मुख्य गोष्ट आहे, कारण किडनी बसली की औषध बंद करावं लागतं आणि बुरशी वाट बघत असतेच.

आणि इथेच पहिला शब्द, ‘अँफो’. लायपोसोमलचा म्युकरचा डोस किलोला ५ एमजी, मेंदूपर्यंत गेलं असेल तर त्याहून वरही नेतात. प्लेनचा डोस किलोला १ एमजी, दीडच्या वर जायचंच नाही. आमच्या पेशंटला लायपोसोमल दिवसाला २९० एमजी, म्हणजे ५० एमजीच्या सहा व्हायली, आणि प्लेन ५८ एमजी, म्हणजे एक व्हायल आणि वर थोडंसं. कुणी चुकून प्लेनच्या सहा व्हायली सोडल्या तर हृदय बंद पडू शकतं. दोन्ही व्हायली ५० एमजीच्या, दोन्हींची पावडर पिवळी, दोन्हींवर मोठ्या अक्षरात अँफोटेरिसिन बी. आणि वॉर्डात, फोनवर, व्हॉट्सॲपवर, नातेवाईकांच्या तोंडी सगळीकडे एकच शब्द, "अँफो मिळालं का?"

त्या महिन्यात मिळणं म्हणजे काय होतं ते थोडक्यात सांगते. २० मे ला केंद्राने राज्यांना म्युकर साथरोग कायद्याखाली नोंद करण्याचा आजार करायला सांगितलं, औषधाचं वाटप जिल्हा पातळीवरून यादीप्रमाणे सुरू झालं, आम्ही रोज सकाळी फॉर्म भरायचो, पेशंटचं वजन, क्रिएटिनिन, रिपोर्ट, आणि दुपारपर्यंत कळायचं आज किती. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांच्या वर केसेस नोंदल्या गेल्या आणि सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. एका व्हायलची किंमत सात हजारांच्या आसपास, दिवसाच्या सहा, हिशोब तुम्हीच करा, एका शेतकरी घराला तो आकडा ऐकवताना माझा आवाज निघायचा नाही. महात्मा फुले योजनेत उपचार आले, जूनमध्ये जीएसटी शून्य झाला, नव्या कंपन्यांना परवानग्या मिळाल्या, वर्ध्यात याच औषधाचं इमल्शन प्रकारचं (स्निग्ध थेंबांत मिसळलेलं) इंजेक्शन बनायला लागलं. पण हे औषध म्हणजे गोळ्या पाडण्यासारखं नाही, की मशीन जास्त वेळ चालवलं आणि माल वाढला. अँफोटेरिसिन पुरेसं असलं तरी ती लिपिडं लागतात, इंजेक्शनच्या दर्जाची, आणि ती बनवणारे जगातच मोजके. शिवाय सगळे गोळे एका मापाचे, निर्जंतुक, मग गोठवून सुकवलेले. तुटवडा रेणूचा होता तेवढाच गाडीचा होता.

तर आमच्या पेशंटची पहिली रात्र. लायपोसोमल एकही नव्हतं. सरांनी वाट बघितली नाही, म्युकरमध्ये तासांचा हिशोब असतो, प्लेन सुरू केलं, आधी टेस्ट डोस, पॅरासिटामॉल, किडनी जपायला आधी अर्धा लिटर नॉर्मल सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी. काकांना दोन घोंगड्या घालूनही थंडी आवरत नव्हती, मुलगा पाय दाबत बसलेला. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.१ वरून १.९ झालं, पोटॅशियम २.८. पाचव्या दिवशी आमच्या वाट्याला त्यांच्यासाठी चार व्हायली आल्या. सहा हव्या होत्या, पण चार मिळाल्या म्हणून मुलाने माझे हात धरले होते.

आणि त्याच रात्री ते दाणे.

झालं असं. रेसिडेंट डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "आलेलं अँफो अडीचशेच्या सलाईनमध्ये घालून दोन तासांत सोडा." हा दुसरा शब्द. आता मराठीत सलाईन म्हणजे काय? लटकवलेली कुठलीही बाटली. "सलाईन लावलं" म्हणजे आत डेक्स्ट्रोज असो, रिंगर असो, काहीही असो. डॉक्टरांच्या डोक्यात डी-फाईव्ह होतं, म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोज, कारण चार दिवस प्लेनसुद्धा त्यातच चाललं होतं. पण ही सिस्टर त्या वॉर्डात त्याच रात्री बदलीवर आलेली. तिने पेशंटची शुगर बघितली, ३१०, आणि तिला वाटलं सलाईन म्हणजे नॉर्मल सलाईनच म्हणत असणार, एवढ्या शुगरला साखरेचं पाणी कोण लावेल? तिच्या जागी विचार करून बघा, तिचं काय चुकलं? स्टँडवर किडनीसाठीची नॉर्मल सलाईनची बाटली आधीच लटकत होती, म्हणजे सगळ्या खुणा एकाच दिशेला. पावडर मात्र तिने बरोबर केली होती, व्हायलमध्ये १२ एमएल निर्जंतुक पाणी, अर्धा मिनिट जोरात हलवून, आणि मग दोन व्हायली नॉर्मल सलाईनमध्ये.

मीठ आणि हे लायपोसोम जमत नाहीत. हे गोळे एकमेकांपासून लांब राहतात ते अंगावरच्या ऋण भारामुळे, सगळ्यांना सारखाच भार म्हणून एकमेकांना ढकलतात. मिठाच्या पाण्यात सोडियम क्लोराईडचे आयन भरलेले, ते हा भार झाकून टाकतात, ढकलणं थांबतं आणि गोळे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, औषध साक्यासारखं खाली बसतं. डेक्स्ट्रोजमध्ये आयन नाहीत, साखर भार झाकत नाही, गोळे सुटे राहतात. ऐंशी नॅनोमीटरचं औषध डोळ्यांना दिसणाऱ्या कण्यांएवढं झालं तर ते लायपोसोम राहिलंच नाही, आणि तशा कण्या शिरेत गेल्या तर पहिल्यांदा फुफ्फुसात अडकणार. आणि साखरेची भीती म्हणाल तर २५० एमएल डी-फाईव्हमध्ये साडेबारा ग्रॅम साखर, तीनेक चमचे, थोड्या इन्सुलिनने झाकता येते.

मी बाटली उतरवली. उरलेल्या दोन व्हायली खाली नेल्या, स्वतः पाणी घालून हलवल्या, फिल्टर लावून डेक्स्ट्रोजमध्ये घातल्या, लाईन आधी डेक्स्ट्रोजने धुवून घेतली कारण नळीत मघाचं नॉर्मल सलाईन होतंच, आणि शंभर एमजी त्या रात्री गेलं. शंभर, २९० पैकी. सिस्टर जिन्यात रडत होती. तिला मी तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहिते, की चूक फार्मसीची आधी होती. काळाबाजार होऊ नये म्हणून आम्ही व्हायली सुट्या मोजून द्यायचो आणि रिकाम्या परत घ्यायचो, त्यामुळे खोका आणि आतलं माहितीपत्रक खाली आमच्याकडेच राहायचं. ज्या कागदावर लिहिलंय की सलाईन वापरू नका, तो कागद वॉर्डात पोचतच नव्हता. हिशोब चोख ठेवण्याच्या नादात मी माहिती अडवून ठेवली होती.

रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘वाया: २, कारण: नॉर्मल सलाईनमध्ये मिसळले’, खाली सही माझी. मुलालाही खरं सांगितलं, सर सोबत होते. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, उद्या मिळतील ना?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक व्हायलीसोबत चिठ्ठी जायला लागली, मराठीत, मोठ्या अक्षरात. प्रकार कोणता, किलोला किती, कशात घालायचं, नळी कशाने धुवायची. ‘अँफो’ हा शब्द इंडेंटवर, म्हणजे वॉर्डातून फार्मसीला येणाऱ्या मागणीच्या कागदावर, घ्यायचाच नाही असं ठरवलं, ‘लायपोसोमल’ किंवा ‘प्लेन’ किंवा ‘इमल्शन’ पूर्ण लिहा नाहीतर फार्मसी माल देणार नाही. आणि ‘सलाईन’ हा शब्दही बंद, एनएस (नॉर्मल सलाईन) किंवा डी-फाईव्ह. सुरुवातीला रेसिडेंट चिडले, रात्री दोनला कोण एवढं लिहीत बसणार, पण सरांनी राऊंडला सगळ्यांसमोर ती बाटली दाखवली, मी जपून ठेवली होती, त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

खरी परीक्षा पुढच्याच आठवड्यात झाली. वाटपात फंगिसोम आलं. हे आपलं देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन, याच्यामागे दिल्ली विद्यापीठातले प्रा. बछावत आणि मुंबईच्या केईएमच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचं अनेक वर्षांचं काम आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो, कारण परदेशी औषध परवडत नाही म्हणून आपल्या लोकांनी आपल्या पेशंटसाठी ते बांधलं. पण याचं सगळं वेगळं. हे पावडर नाही, तयार द्रव आहे, आणि तोही सलाईनमध्येच बनवलेला. डोस वेगळा, किलोला १ ते ३ एमजी. आणि देण्याआधी व्हायल सोनिकेटरच्या पाण्यात ४५ मिनिटं ठेवायची, म्हणजे ध्वनिलहरींनी मोठे गोळे फुटून लहान होतात. म्हणजे आठवड्यापूर्वी आम्ही भिंतीवर लावलेलं ‘लायपोसोमलला सलाईन चालत नाही’ हे वाक्य या औषधाला लागूच नव्हतं! लायपोसोमलमध्येही लिपिडं वेगळी, भार वेगळा, माप वेगळं, की नियम वेगळे. सोनिकेटर आमच्याकडे नव्हता, फार्मसी कॉलेजातून मागून आणला, आणि भिंतीवरचा कागद काढून टाकला. चिठ्ठी प्रकाराची नाही, ब्रँडची करायची, त्या त्या खोक्यातल्या माहितीपत्रकावरून, असं तेव्हा ठरलं.

काकांना मात्र शेवटपर्यंत ते पावडरवालं लायपोसोमलच मिळत राहिलं. आठव्या दिवसापासून रोज पाच, कधी सहा व्हायली. बाराव्या दिवशी क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम शिरेतून देऊन देऊन ३.६ वर आलं. डोळा वाचला. सरांनी आणखी एकदा आत जाऊन साफ केलं, कडेचं मांस लाल, रक्त येणारं लागलं, तेव्हा ओटीतून बाहेर येऊन त्यांनी मला मुद्दाम फोन केला होता. चार आठवड्यांनी पोसाकोनाझोल या बुरशीवरच्याच औषधाच्या गोळ्यांवर घरी सोडलं.

दिवाळीनंतर ते फॉलोअपला आले, टाळूला कृत्रिम प्लेट बसवलेली. बोलणं थोडं नाकातून, पण समजत होतं. मुलगा म्हणाला भाकरी दुधात कुस्करून खातात. काकांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, आमचीच चिठ्ठी, ‘लायपोसोमल, डी-फाईव्हमध्येच’, कुठल्यातरी रात्री उशाशी राहिलेली. म्हणाले, "रोज सिस्टर आल्या की मी वाचून दाखवायचो." क्रिएटिनिन त्या दिवशी १.० होतं.